मशीनबाईचं दुसरं एंटर

परवाना कचेरीच्या हजेरीपटावर एकोणीस नावं आहेत. अकरा वर्षं मी त्या कचेरीचे उंबरे झिजवलेत, म्हणून छातीठोकपणे सांगते, काम एकच बाई करायची. उरलेले अठरा जण यायचे, पंखा कुणाच्या डोक्यावर असावा यावरून भांडायचे आणि घरी जायचे. त्यातला एक तर नुसता कागदांना भोकं पाडायच्या कामावर होता. चार भोकं पाडली की दमून पायरीवर येऊन बसायचा.

काम करणाऱ्या बाईला सगळे मशीनबाई म्हणायचे. पाठीमागे नाही, तोंडावर. आळशी माणसांना कामाचं माणूस दिसलं की त्याला नाव ठेवावंच लागतं, नाहीतर त्यांचं त्यांनाच बोचत राहतं.

मी फेरीवाल्यांची संघटना चालवते. पुलाखाली माझी कंगवे-पिनांची जागा आहे, शाळा सातवीत सुटली, आणि कायदा शिकले तो याच कचेरीच्या भिंतीवर चिकटवलेल्या नोटिसा वाचून. त्यामुळे बाईंना मी वर्षानुवर्षं पाहिलंय. काचेच्या पलीकडून, पण नीट पाहिलंय.

तिसरी खिडकी त्यांची. खुर्चीवर घरून आणलेली उशी, उजव्या हाताला रबरी डबीतला ओला स्पंज, चष्मा काळ्या दोरीला. बसल्या की पाठ ताठ, मनगटं अधांतरी, आणि डोळे कागदावर नाहीतर समोरच्या माणसाच्या तोंडावर. स्क्रीनकडे बघताना मी त्यांना कधी पाहिलंच नाही. पहिल्या खिडकीतला बाबा एक अक्षर दाबायचा, मान वर करून ते उमटलं का बघायचा, मग पुढचं अक्षर शोधायला निघायचा, अंधारात चप्पल शोधावी तसा. त्याचा एक अर्ज होईतो बाईंचे सहा व्हायचे. म्हणून माझी माणसं, तो मोजेवाला, ती लिंबूवाली, तो मोबाईलची कव्हरं विकणारा, सगळी आंधळेपणानं तिसऱ्या रांगेत उभी राहायची.

टायपिंग बाई टायरच्या दुकानावरच्या एका खोलीत शिकल्या. मास्तर बटणांवर टॉवेल टाकायचा आणि टॉवेलाखाली हात घालून टाइप करायला लावायचा. जो खाली बघेल त्याला त्या दिवशी कागद नाही. बाविसाव्या वर्षी कचेरीत लागल्या. आठ वर्षं टाइपरायटर बडवला, मग पहिला कॉम्प्युटर आला. काळा पडदा, हिरवी अक्षरं. एक नंबर दिला की दहा-दहा सेकंद घरघरत बसायचा. बाकीचे हात बांधून त्याच्याबरोबर बसले, त्यांना काय, बसायला कारण मिळालं. बाईंनी दोन दिवसांत ओळखलं की यंत्र घरघरत असतानाही बटणं ऐकत असतं. तेव्हा दाबलेलं वाया जात नाही. ते पोटात धरून ठेवतं आणि मोकळं झालं की एकेक बाहेर काढतं.

"पंधरा अक्षरं मावायची त्याच्या पोटात," बाईंनी मला पुढे कधीतरी सांगितलं. "सोळावं दिलं की किंचाळायचं. मी पंधरावर थांबायची."

"मोजून?"

"मोजायचं काय त्यात? लेकराचं पोट भरलं की आईला कळतं ना, तसं."

पुढे यंत्रं बदलली. नव्यांचं पोट मोठं, कितीही कोंबा, तक्रार नाही. बाईंची बोटं मात्र तशीच राहिली, यंत्राच्या चार पावलं पुढे धावणारी. कुणी त्यांना हळू चालव म्हणालं नाही. म्हणेल कशाला? अठरा जणांचं काम त्या बोटांवर निघत होतं.

मग कचेरीत सल्लागार आला.

साहेबाच्या साडूचा मुलगा. अंगात गळ्यापर्यंत बटणं लावलेला शर्ट, हातात दोन फोन, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'बेसिकली'. त्यानं कचेरीसाठी एक स्क्रिप्ट बनवली. माणसाच्या वतीनं ती स्वतःच खिडक्या उघडायची, बंद करायची, बाण पळवायची, बटणं दाबायची. पहिल्या दिवशी स्क्रीनवर आपोआप सगळं हलायला लागलं तसा पहिल्या खिडकीतला बाबा खुर्ची मागे ढकलून उभाच राहिला. तेव्हापासून कचेरीत त्या स्क्रिप्टचं नाव भूत.

त्याच वर्षी नवा नियम निघाला. परवान्याच्या नूतनीकरणाला जागेचा मालक स्वतः हजर पाहिजे. काही हरामखोर जागा आपल्या नावावर ठेवून दुसऱ्याला भाड्यानं देतात, त्यांना पकडायला. नियम बरोबर होता, मीच मागितला होता. तेव्हा भुताला एक प्रश्न शिकवला गेला. अर्जदाराचा फोटो स्क्रीनवर आला की चौकट उघडायची: अर्जदार प्रत्यक्ष हजर आहे का? खाली दोन बटणं, 'होय' आणि 'नाही'. कुणी चुकून 'होय' दाबू नये म्हणून 'नाही'ला आधीच रंग भरून ठेवलेला. नुसतं एंटर दाबलं की 'नाही'. केवढी अक्कल बघा. चुकून माणूस राहू नये याची काळजी, चुकून माणूस जाऊ नये याची नाही.

सल्लागारानं दोन तासांचं प्रशिक्षण घेतलं. अठरा जण जाऊन बसले. मशीनबाईंना बोलावलं नाही, कारण त्या वेळेत खिडकी चालू ठेवायला कुणीतरी हवं होतं.

नूतनीकरण अकरा दिवस चाललं. माझी माणसं तिसऱ्या रांगेत उभी राहिली, अंगठे लावले, पावत्या घेतल्या, हसत परत आली. मीही त्याच रांगेत होते. बाराव्या दिवशी सकाळी भिंतीवर यादी लागली. तीनशे बारा जणांच्या जागा रद्द. कारण एकच, अर्जदार गैरहजर. पंधरा दिवसांनी त्या जागा प्रतीक्षा यादीतल्या लोकांना वाटायच्या. पहिल्या खिडकीचा गैरहजर एक नाही, दुसरीचा एक नाही. तीनशे बाराच्या तीनशे बारा तिसऱ्या खिडकीचे. त्यात माझाही नंबर होता.

पुढं काय झालं असेल ते सांगायला नको. आमची माणसं चांगल्या वेळी रांगेत उभी राहत नाहीत आणि वाईट वेळी दम धरत नाहीत. मोजेवाला काचेवर थुंकला. लिंबूवालीनं आई-बहीण काढली. आणि मी, मी सगळ्यांच्या पुढे होऊन विचारलं, "बाई, किती घेतलेत? आणि कुणाकडून?"

बाईंनी रुमालानं काच आतून पुसली. थुंकी बाहेरून होती, तरी पुसली. मग म्हणाल्या, "ताई, तुम्ही स्वतः माझ्यासमोर उभ्या होतात. मी तुम्हाला गैरहजर कशी लिहीन?"

"तेच विचारतेय!"

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. आणि मला त्यांचा जास्तच राग आला.

त्या दुपारी साहेबानं चौकशी बसवली. चौकशी म्हणजे त्याच्या खोलीत तो, सल्लागार आणि समोर उभ्या बाई. संघटनेची म्हणून मी कोपऱ्यातल्या स्टुलावर. साहेब हा असा माणूस, की त्याच्या टेबलावर तीन शिक्के असतात आणि कुठला कशाचा हे शिपायाला विचारतो.

"प्रश्नाला 'नाही' का दाबलं?" साहेबानं विचारलं.

"कुठला प्रश्न?" बाई म्हणाल्या.

सल्लागार हसला. साहेबही हसला, सल्लागार हसला म्हणून.

"मला मशीननं काही विचारलंच नाही," बाई म्हणाल्या. "अकरा दिवसांत एकदाही नाही."

"बेसिकली, तीनशे बारा वेळा विचारलंय," सल्लागार म्हणाला. "लॉगमध्ये आहे. तीनशे बारा वेळा मॅडमनी 'नाही' दाबलंय. मी दाखवू शकतो."

साहेबानं एक कागद पुढे सरकवला. आधीच टाइप केलेला. 'माझ्या निष्काळजीपणामुळे अर्जदारांची नोंद चुकीची झाली, याची संपूर्ण जबाबदारी माझी आहे.' खाली सहीला जागा. "सोमवारपर्यंत विचार करा," तो म्हणाला. "सही केलीत तर फाइल बंद. निवृत्तीला सात महिने राहिलेत तुमचे, आपल्या खिडकीत सुखानं काढा. नाही केलीत तर मुद्दाम केलं असं धरून बडतर्फीची कारवाई."

"आणि आमच्या जागा?" मी विचारलं.

"कारकुनाची चूक असेल तर अर्जदारानं नव्यानं अर्ज करायचा असतो, ताई. नियम आहे."

नव्यानं म्हणजे प्रतीक्षा यादीच्या शेपटाला. चार हजार माणसांच्या मागे. म्हणजे त्या एका सहीनं साहेब सुटत होता, सल्लागार सुटत होता, बाईही सुटत होत्या. मरत होतो आम्ही. पण भुताची चूक ठरली, तर यादीच खोटी ठरणार होती. मला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण कागद इतका घाईनं पुढे सरकतो तेव्हा त्याच्याखाली काहीतरी लपलेलं असतं, एवढं रस्त्यावर बसून कळतं.

रविवारी दुपारी मी बाईंच्या घरी गेले. दुसरा मजला, दोन खोल्या, दारात चपला ओळीनं लावलेल्या. नवऱ्यानं दार उघडलं. निवृत्त बस कंडक्टर. जन्मभर लोकांना पुढे सरका, पुढे सरका म्हणालेला माणूस, आणि स्वतः आयुष्यात कधी एक पाऊल पुढे सरकला नसेल.

"तुम्हीच त्या ना, माझ्या बायकोला लाच घेते म्हणालेल्या?"

"मीच."

"या आत. मी तिला सांगतोय, सही कर आणि मोकळी हो. तुमचंही तेच म्हणणं असेल."

"माझं उलट म्हणणं आहे."

"मग बाहेर जा," तो म्हणाला, आणि चहा ठेवायला गेला. काही माणसांचं धाडस तेवढंच असतं.

बाई टेबलाशी भाजी निवडत होत्या. कागद शेजारी, वर वाटी ठेवलेली, उडू नये म्हणून. मी माफी मागितली नाही. खुर्ची ओढली आणि म्हटलं, "बाई, पहिल्या खिडकीत मी माझ्या जावेबरोबर उभी होते. तो बाबा नंबर टाकतो, फोटो येतो, मग चौकट येते, मग तो वर बघतो, जावेचं तोंड बघतो, आणि 'होय' दाबतो. चौकट येते. मी डोळ्यांनी बघितलीय. तुमच्याकडे का येत नाही?"

"तेच मला कळत नाहीये, तीन रात्री डोळ्याला डोळा नाही."

"तुम्ही काय करता ते दाखवा. इथंच. टेबलावर."

"टेबलावर काय दाखवू?"

"जे रोज करता ते."

बाईंनी हात पुसले. पाठ ताठ केली. मनगटं उचलली आणि टेबलावर बोटं चालवली. टकटकटकटकटक, टक, टक. आणि लगेच डावा हात पुढे करून हवेतला कागद घेतला.

"थांबा," मी म्हटलं. "शेवटी दोनदा काय वाजलं?"

"एंटर."

"दोन?"

"एक नंबराचं. दुसरं फोटोनंतरचं. फोटो आला की जुना प्रोग्राम थांबायचा, एंटर दिलं की पुढे जायचा. फोटो यायला नऊ सेकंद लागतात. तेवढ्यात कोण बसून राहणार? मी आधीच देऊन ठेवते. ते पोटात राहतं, वेळ आली की..."

बाई बोलता बोलता थांबल्या. हवेतला कागद हातातच राहिला.

"आता फोटोनंतर भूत स्वतःच पुढे जातं," त्या हळू म्हणाल्या. "त्याला माझं एंटर लागतच नाही. मग माझं एंटर गेलं कुठं?"

"चौकटीला," मी म्हटलं.

"प्रश्न यायच्या आधीच मी उत्तर देऊन ठेवलेलं."

"आणि 'नाही'ला रंग भरून ठेवलेला."

आतून नवरा ओरडला, "साखर किती?"

"तरीच," बाई म्हणाल्या. "अकरा दिवस डोळ्याच्या कोपऱ्यात काहीतरी लुकलुकायचं. मला वाटलं, ट्यूबलाइट गेलीय. मी शिपायाला दोनदा बदलायला लावली." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "म्हणजे ताई, दाबलं मीच."

"दाबलंत. पण त्या प्रश्नाला नाही दाबलंत. त्या कागदावर हे लिहिलंय का?"

नवरा चहा घेऊन आला. सगळं ऐकून म्हणाला, "हे साहेबाला समजावणार कोण? त्यापेक्षा सही सोपी."

"तुम्ही आधी चहा नीट करा," बाई म्हणाल्या. "पाण्यासारखा झालाय."

सोमवारी साहेबाच्या खोलीत आम्ही मशीन आणायला लावलं. साहेब कुरकुरला, त्याचं जेवण अकराला असतं. सल्लागार म्हणाला, "बेसिकली, हे शक्यच नाही. मी स्वतः टेस्ट केलंय."

"कसं केलंत?" बाईंनी विचारलं.

"नंबर टाकला, थांबलो, चौकट आली, 'होय' दाबलं. पन्नास वेळा."

"पन्नास वेळा थांबलात?"

"अर्थात."

"माझ्या रांगेत चाळीस माणसं असतात," बाई म्हणाल्या. "थांबणारा माणूस माझ्या खुर्चीत नसतो."

कुणाचा नंबर टाकायचा यावर साहेब विचार करायला लागला. मी म्हटलं, "माझा टाका. मी इथं उभी आहे. धडधडीत."

बाई बसल्या. नंबर, एंटर, एंटर. आणि उठल्या. खुर्ची मागे सारली, चार पावलं चालून दारापाशी गेल्या आणि भिंतीला पाठ लावून दोन्ही हात पदरात गुंडाळले. "आता बघा," म्हणाल्या.

खोलीत यंत्राची घरघर तेवढी. खुर्ची रिकामी. साहेब स्क्रीनच्या इतका जवळ गेला की त्याच्या श्वासानं काच धुरकटली. माझा फोटो आला, सात वर्षांपूर्वीचा. मग काहीतरी लुकलुकलं आणि गेलं. फोटोखाली लाल अक्षरं उमटली: अर्जदार गैरहजर.

मी साहेबाच्या उजव्या कानापासून एका फुटावर उभी होते. "साहेब," मी त्या कानात म्हटलं, "मी गैरहजर आहे."

तो दचकला. "पण दाबलं कुणी?"

"तेच तर," बाई दारातून म्हणाल्या. "खुर्चीत कुणी आहे का बघा."

सल्लागाराचा रंग उडाला होता, पण मान ताठ. "परत करा."

परत केलं. तीनदा केलं. चौथ्यांदा बाईंनी नंबर टाकला आणि एकच एंटर दिलं. हात मांडीवर ठेवले आणि आयुष्यात पहिल्यांदा, माझ्यासमोर तरी, स्क्रीनकडे बघत बसल्या. फोटो आला. चौकट उघडली आणि तशीच उभी राहिली. बाईंनी दोरीचा चष्मा डोळ्यांना लावला आणि सगळं वाचलं, ओठ हलवत.

"हा होय तो प्रश्न," त्या म्हणाल्या.

त्यांच्या आवाजात राग नव्हता. तो माझ्यात होता, दोघांना पुरून उरेल इतका.

"बेसिकली, ही युजरची सवय आहे," सल्लागार म्हणाला. "युजरनं थांबायला हवं. स्क्रिप्टमध्ये बग नाही."

"अरे बाबा," बाई त्याच्याकडे वळल्या, "तू माणसाला प्रश्न विचारतोस ना? मग विचारायच्या आधी पोटात पडलेलं जुनं ओतून टाकायचं. जे काही दाबलेलं शिल्लक असेल ते सगळं फेकून द्यायचं, पोट रिकामं करायचं, मग चौकट उघडायची. त्यानंतर दाबेल ते खरं उत्तर. हे मला कळतं, मी टायरच्या दुकानावर शिकले. तुला कॉलेजात शिकवलं नाही?"

सल्लागारानं एक फोन खिशात टाकला, दुसरा बाहेर काढला.

"असं करता येतं की नाही?" मी विचारलं.

"येतं."

"किती काम आहे?"

त्यानं साहेबाकडे बघितलं. साहेबानं भिंतीवरच्या घड्याळाकडे. "एक ओळ," तो म्हणाला. "पण टेस्टिंग, मंजुरी, नवा करार... बेसिकली दोन महिने."

एक ओळ! तीनशे बारा घरांच्या चुली आणि बाईंची सदतीस वर्षं एका ओळीवर टांगलेली, आणि ती लिहायची म्हणून या शेंबड्याला नवा करार हवा. मी स्टूल उचललं, दाराला आडवं लावलं आणि त्यावर बसले. "लिहा," मी म्हटलं. "तोवर कुणी जेवायला जात नाही."

"ताई, ही दमदाटी आहे," साहेब म्हणाला.

"आहे."

त्याला वीस मिनिटं लागली. त्यातली पंधरा स्वतःचा पासवर्ड आठवण्यात गेली. बाईंनी आणखी एक सांगितलं, 'नाही'वरचा रंग काढ, दोन्ही बटणं सारखी ठेव. त्यानं मुकाट्यानं काढला. मग बाई बसल्या, नंबर टाकला आणि एंटर सात वेळा बडवलं, खुन्नस काढल्यासारखं. फोटो आला, चौकट उघडली आणि ढिम्म हलली नाही. बाईंनी माझ्याकडे बघितलं, बाण 'होय'वर नेला आणि दाबलं.

यादी रद्द करायचा हुकूम साहेबानं तिथंच लिहिला, तीनपैकी योग्य तो शिक्का शिपायाकडून शोधून घेऊन. आणि मग, मला वाटलं संपलं, तर ड्रॉवरमधून पुन्हा कागद काढला. तोच. फक्त 'निष्काळजीपणामुळे' खोडून 'अतिवेगामुळे' लिहिलेलं.

"फाइलीत काहीतरी लागतं हो, बाई," तो म्हणाला. आवाज आता मधासारखा. "जागा मिळाल्या, सगळं गोड झालं. फक्त एक सही. तुमची खिडकी तुमचीच. वर विचारलं तर मला कुणाचं तरी नाव दाखवावं लागेल ना."

"याचं दाखवा," मी सल्लागाराकडे बोट केलं.

"ते कर्मचारी नाहीत."

मी तोंड उघडणार होते. बाईंनी हातानं थांबवलं. कागद वाचला. साहेबानं पेनाचं टोपण काढून पेन पुढे धरलं. बाईंनी ते घेतलं नाही. मशीनकडे वळल्या आणि टाइप करायला लागल्या. चार मिनिटं. शिपाई छापलेला कागद घेऊन आला. त्यात लिहिलं होतं, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत स्क्रिप्टनं प्रश्न विचारण्यापूर्वी आधीच दाबलेली बटणं काढून टाकली नाहीत, त्यामुळे तीनशे बारा हजर माणसं गैरहजर नोंदली गेली, हे साहेबांसमोर तीन वेळा करून दाखवलं, आणि आज एका ओळीत दुरुस्त झालं. त्याखाली बाईंनी सही केली आणि कागद साहेबापुढे ठेवला.

"मिळाला म्हणून सही करा," म्हणाल्या.

"बाई, याचा अर्थ कळतोय ना तुम्हाला? खिडकीचं मग मी सांगू शकत नाही."

"कळतोय."

साहेबानं माझ्याकडे बघितलं. मी अजून दारातच, स्टुलावर. त्याच्या पोटातून आवाज आला. त्यानं सही केली.

बडतर्फीचं कुणी नाव काढलं नाही. कशावर काढणार? आमच्या जागा आल्या. तीनशे बारा जणांपैकी बाईंना भेटायला किती गेले म्हणता? चौदा. मोजेवाला त्यात नाही. तो म्हणाला, जागा तर आपली होतीच, ती मिळाली त्यात उपकार कसले. संघटना अशा लोकांची चालवावी लागते.

एक तारखेला बाईंची बदली झाली, टपालाच्या खोलीत. कीबोर्ड नाही, लखोटे, डिंक आणि वजनकाटा. तिसऱ्या खिडकीत भोकं पाडणारा बसवला. मला बातमी लागली तशी मी तणतणत गेले. बाई पाठ ताठ ठेवून बसलेल्या, समोर लखोट्यांची रास. शेजारी एक कारकून डोक्याला हात लावून.

"सही केली असती तर खिडकीत असता," मी म्हटलं.

"असते," बाई म्हणाल्या. हात थांबले नव्हते, डिंक, घडी, दाब, पुढचा. "आणि तुम्ही सगळे चार हजार माणसांच्या मागे उभे असता. मी रोज त्याच काचेतून तुमच्याकडे बघितलं असतं का?"

"मी साहेबाला घेराव घालते."

"घाला. पण उद्या घाला. आज हे संपवायचंय."

"संपवायचंय काय!" शेजारचा कारकून कळवळून माझ्याकडे वळला. "ताई, तुम्ही यांच्या ओळखीच्या ना? जरा समजावा हो यांना. महिन्याचं टपाल चार दिवसांत काढलं. आता उरलेले दिवस आम्ही साहेबांना काय दाखवायचं?"

मी त्याला काय सांगितलं ते इथं छापता येणार नाही. बाईंनी मान खाली घातली, हसू लपवायला, आणि पुढचा लखोटा घेतला.